मुंगीने निवडलेला दगड

१

सकाळी उठलं की मी आधी दगडांना पाणी दाखवतो, मग स्वतःच्या तोंडाला. बायको म्हणते, तुम्ही दगडाशीच लग्न करायला हवं होतं, त्याला निदान तुमचं बोलणं तरी ऐकावं लागलं नसतं. मी ते मनावर घेत नाही. जे सलूनवाले अजून खरा, मिटणारा वस्तरा वापरतात, त्यांच्यातला एकही असा नाही की ज्याचा वस्तरा माझ्या हाताखालून गेलेला नाही. पत्तीचे तुकडे अडकवून दाढी करणाऱ्यांशी मला देणंघेणं नाही. त्यांनी खुशाल गालफडं खरवडावीत.

धार लावणं म्हणजे हाताचं काम, असं लोकांना वाटतं. हात महिन्या-दोन महिन्यांत तयार होतो. खरी मेख दगड निवडण्यात आहे. खाचा पडलेलं पातं सरळ करायला भरड दगड लागतो, त्यानंतर मधला, आणि सगळ्यांत शेवटी बारीक दगड, ज्याला आमच्यात नुसतं 'शेवटचा' म्हणतात. पहिले दोन कुठलेही घ्या, अडत नाही. शेवटचा मात्र ज्याचा त्याने निवडायचा, आणि मग जन्मभर तोच वापरायचा. तो निवडताना शिकवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. चांगला म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, साधं खाकरायचंही नाही.

त्यानंतर परीक्षा. त्या दगडावर धार लावलेल्या पहिल्या वस्तऱ्याने शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याची दाढी करायची, गळ्यासकट, सलूनवाल्यांच्या देखत. शिकवणाऱ्याने डोळे मिटून बसायचं. तो मध्येच उठला किंवा त्याने नुसता हात वर केला, तरी विषय संपला. त्या शिकणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणी वस्तरा देत नाही. माझ्या वडिलांनी माझ्यापुढे असाच गळा धरला होता. आता धरायची पाळी माझी होती, कारण माझी मुलगी तयार झाली होती.

तिला सगळे मुंगी म्हणतात. लहानपणापासून अंगाने एवढीशी आणि घटकाभर स्वस्थ नाही, म्हणून. "धारवाले, पोरीला कशाला या फंदात पाडता?" असं एकदोघांनी विचारून पाहिलं होतं. मी त्यांना मुंगीने धार लावलेले वस्तरे माझे म्हणून दिले. त्यांनी ते वापरले, वाहवा केली, आणि मग मी त्यांना खरं काय ते सांगितलं. तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मला माझ्या मुलीचा अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत बोलून दाखवतो. कुणाला ते आवडत नसेल तर त्याने कानात बोटं घालावीत.

२

दगडवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर लाकडी ट्रे, ट्रेमध्ये गोणपाट आणि गोणपाटावर मांडलेले दगड. मी दारापाशी स्टुलावर बसलो आणि तोंडात एक लवंग धरली, म्हणजे बोलायचा मोह नको.

मुंगी एकेक दगड हातात घेऊन बघत होती. आधी पाण्याचा थेंब टाकून तो मुरतो का बघायची. मग दगडावर नख घासायची. नखाची पूड निघाली तर दगड भरड, नख चकाकलं तर बारीक. मग बोटाच्या पेराने ठोकून कान लावायची, कारण आत चीर असली की आवाज बसका येतो. मग जिभेचं टोक. जीभ चिकटली तर तो दगड पाणी पितो आणि ऐन कामात दगा देतो. आणि शेवटी दगडावर तोंडाची वाफ सोडून ती कशी उडते ते निरखायची. कडांपासून मध्यापर्यंत ती सारखी सरकत गेली, की दगड सगळीकडून एकजात आहे असं समजायचं. हे सगळं मीच शिकवलेलं, पण माझ्यापेक्षा ती जास्त सावकाश आणि मायेने करत होती. मी बसल्या जागी फुगलो होतो.

समोरच्या फळीवर एक हिरवट दगड होता. आत शिरल्या शिरल्या माझा जीव त्याच्यावर गेला होता. मुंगीने तो उचलला, ठोकला आणि परत ठेवला. मी लवंग कडाकडा चावून टाकली.

मग ती मागच्या बाजूच्या एका ट्रेपाशी थांबली. त्यात एकच दगड होता, राखी, तिच्या पंजाएवढा. पाणी मुरलं नाही. नख चकाकलं. ठोकल्यावर आवाज स्वच्छ आला आणि बराच वेळ राहिला. जीभ चिकटली नाही. तिने वाफ सोडली, ती दगडावर पांढरी बसली, आणि उडेचना. मुंगी थांबली, दगडवालाही वाकून बघत थांबला. शेवटी तिने ती बाहीने पुसून टाकली.

"हाच," ती म्हणाली.

"नजर आहे हो पोरीला," दगडवाला माझ्याकडे बघून म्हणाला. "फक्त उचलताना जपून, बाळा. कडा जरा लागतात त्याच्या."

दगड उचलला तेव्हा खालचं गोणपाट मला दिसलं. बरोबर दगडाच्या मापाचा चौकोन त्यातून कापला गेला होता आणि खाली ट्रेच्या लाकडात चारही बाजूंनी रेघ उमटली होती. दगड हलू नये म्हणून कुणीतरी बेतून कापलं असेल, असं मी धरून चाललो. गोणपाटाचा एकही धागा लोंबत नव्हता. एवढं साफ कापणाऱ्याचं मला कौतुकच वाटलं.

३

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. मागची खोली मुंगीला दिली होती. मध्ये पडदा आहे. ती काय करते ते मला दिसत नव्हतं, पण आमच्या कामात बघण्यापेक्षा ऐकणंच महत्त्वाचं. वस्तऱ्याची पाठ आणि धार, दोन्ही टेकवून तो दगडावरून पुढे न्यायचा, टोकाला पोचला की पाठीवर उलटवायचा, परत आणायचा. एक फेर झाला. सुरुवातीला आवाज करकरीत असतो, मग तो हलका होत जातो, आणि शेवटी कापडावरून कापड गेल्यासारखा उरतो. तिचा आवाज फार लवकर हलका व्हायचा. माझ्या हातातलं काम तसंच राहायचं आणि मी ऐकत बसायचो.

एके दुपारी तिने वस्तरा खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर दगडावर आणखी एक फेर झाला.

"मुंगे, उचलून परत लावलास का?" मी विचारलं.

"नाही, बाबा."

"आत्ता एक फेर ऐकला मी."

"भिंतीवरून आला असेल." ती हसली. "नाहीतर तुमचे कान म्हातारे झाले."

कान म्हातारे झाले म्हटल्यावर मला राग आला. या कानांनी मी बंद दारापलीकडून सांगू शकतो की कुठला दगड चालू आहे. पण भिंतीचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मागची खोली रिकामी, छत उंच, आवाज घुमणारच. मी पडद्याच्या जागी जाड घोंगडी लावली.

घोंगडीने काही फरक पडला नाही. पुढे पुढे तो जास्तीचा फेर एकटा येईना. तिने काम थांबवलं की दोन-चार फेर व्हायचे, सावकाश, घाई नसलेले. एकदा मी घोंगडी बाजूला केली तेव्हा मुंगी नळाखाली हात धूत उभी होती. तिची पाठ दगडाकडे होती. वस्तरा मिटून खिडकीत ठेवलेला. दगड ओल्या फडक्यावर एकटाच होता आणि आवाज चालू होता, अगदी हलका, शेवटच्या टप्प्यातला. मी जवळ गेलो तसा तो थांबला.

नळाचे पाइप जुने आहेत, पाणी आलं की ते वाजतात. मी नळ बंद करून बघितला, उघडून बघितला. पाइप खरंच वाजत होते, पण असे नाही.

४

मग घरात लागायला सुरुवात झाली. बायकोचा ओठ कापला, तोही पाणी पिताना. पेल्याला टवका गेला असेल, असं म्हणून तिने तो बाजूला ठेवला. दुसऱ्या पेल्यानेही तेच झालं. मग तिची करंगळी बशीच्या काठाला लागली, माझा तळवा दाराच्या कडेला. कंगव्याने डोक्यावर ओरखडे उठले. रोजच्या फडक्याने टेबल पुसताना त्याच्या चिंध्या झाल्या.

"एवढ्या सगळ्या वस्तू एकदम कशा फुटायला लागल्या?" बायको वैतागली.

मी तो पेला खिडकीशी नेला आणि डोळ्याला भिंग लावून बघितला. फुटलेली कड वेडीवाकडी असते, तिला दाते असतात. हा काठ सलग होता. दोन्ही बाजूंनी सारखा उतार, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही, पूर्ण गोल फिरून जिथून निघाला तिथे येऊन मिळालेला. मी हातावरचे केस त्याच्याखाली धरले. ते गळून पडले, मला कळलंही नाही.

ती तुटलेली कड नव्हती. लावलेली धार होती. आणि स्पष्ट सांगतो, माझ्याच्याने तशी झाली नसती. माझ्या वडिलांच्यानेही नाही. पेल्याच्या काठाला धार लावायची तर तो धरायचा कसा, फिरवायचा कसा, याचाच मी किती वेळ विचार करत बसलो. भीती त्यानंतर वाटली.

"मुंगीचा तो दगड आला तेव्हापासून हे चाललंय," बायको म्हणाली. तिने पेला माझ्या हातातून फडक्यात गुंडाळून घेतला. "तो घराबाहेर काढा. नदीत टाका, कुठेही टाका."

"वेड लागलं का तुला? दगड आहे तो. एका जागी बसलेला असतो."

"मग हे कुणी केलं? मी?"

"तिने निवडलाय," मी म्हणालो. "मला त्यावर बोलता येत नाही."

"बाप म्हणूनही नाही?"

"बाप म्हणून बोललो तर सगळे म्हणतील, पोरीला दगडसुद्धा निवडता आला नाही. एवढी वर्षं केलेलं सगळं पाण्यात जाईल. आता परीक्षेला राहिलं किती?"

"तुम्हाला पोरीची पडलीय की तुमच्या नाकाची?" असं विचारून ती आत गेली. मी काम उचललं. मागच्या खोलीत आवाज चालू होता. मुंगी त्या वेळी घरात नव्हती.

५

परगावच्या एका सलूनवाल्याने वस्तऱ्यांचं पार्सल पाठवलं होतं. जाड सुतळीने करकचून बांधलेलं. मी कात्री शोधत होतो. "द्या इकडे," म्हणून मुंगीने ते ओढून घेतलं, आणि सुतळीचे तुकडे टेबलावर पडले.

"कात्री तुझ्याकडे होती होय?"

"राहू द्या ना, बाबा." तिने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. खिसा तळाशी फाटलेला होता. चांगला जाड कापडाचा एप्रन, तिच्या आईने नुकताच शिवलेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बरेच दिवस ती आईच्या गळ्यात पडलेली नाही. एरवी येता-जाता आईला मिठ्या मारणारी मुलगी. जेवताना ती हात मांडीवर ठेवायची आणि चमचा अगदी टोकाला, दोन बोटांच्या मधल्या पेरांत धरायची. हातांना दगडाचं पाणी लागून चिरा पडल्या असतील, म्हणून दाखवत नसेल, असं मी स्वतःला समजावलं होतं.

"हात दाखव," मी म्हणालो.

"परीक्षेनंतर."

"मुंगे."

ती खाली बघत म्हणाली, "बाबा, माझा दगड चांगला आहे ना?"

"असं मला विचारायचं नसतं."

"माहितीय. तरी विचारते." तिला घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "मी काम थांबवलं तरी तो थांबत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी सोडून देईन सगळं. आत्ताच्या आत्ता. परीक्षा नको, काही नको. पण तुम्ही म्हणायला पाहिजे."

एक शब्द पुरला असता. तो जिभेवर आला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण तिला या कामात पाडू नका म्हणणाऱ्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले. खिडकीत तिने धार लावलेला वस्तरा होता, त्याच्याकडे माझी नजर गेली. असा वस्तरा आमच्या घरात कधी झाला नव्हता.

"वाईट दगड निवडणारी मुलगी मी शिकवलेली नाही," मी म्हणालो.

तिने मान वर केली. तिचा चेहरा उजळला होता, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

६

परीक्षेच्या दिवशी सकाळी ऊन सरळ पुढच्या खोलीत आलं होतं. सलूनवाले धुतलेले कपडे घालून बाकावर बसले. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या सलूनवाल्याने मुंगीचा वस्तरा आदल्या दिवशी लाल दोऱ्याने बांधून स्वतःबरोबर नेला होता, मध्ये कुणी हात लावू नये म्हणून. तीही रीतच. तो त्याने माझ्यासमोरच्या टेबलावर, पांढऱ्या टॉवेलवर आणून ठेवला.

"धारवाले, मृत्युपत्र केलंय ना?" त्याने विचारलं. सगळे हसले.

"तुमच्याकडे दाढी करायला यायला लागलो तेव्हाच करून ठेवलंय," मी म्हणालो. ते आणखी हसले. बायको मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

मुंगीने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. ते बांधताना तिने दोन्ही मनगटं वापरली. मी डोळे मिटले. ब्रशने फेस लावला गेला, गालांवर, हनुवटीवर, खाली गळ्यावर, नीट, सगळीकडे सारखा. मग तिचा श्वास जवळ आला.

कानाजवळून सुरुवात झाली. वस्तरा कितीही चांगला असला तरी दाढीत त्याची थोडी कुरकुर ऐकू येते, कातडीला तो आल्याचं कळतं. मला काहीच ऐकू आलं नाही. फेस निघून गेल्यावर गालाला गार वाटलं, तेवढंच. जन्मभर मी ज्या धारेच्या मागे होतो ती ही, आणि ती माझ्या मुलीने लावली होती. माझ्या मिटलेल्या डोळ्यांत पाणी आलं. बघा म्हणावं, बाकावर बसलेल्यांनो, नीट डोळे उघडून बघा.

जुना सलूनवाला शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता. तो अर्ध्यातच थांबला. बाक मागे सरकल्याचा आवाज झाला.

उजवा गाल झाला, डावा झाला. हनुवटी झाली. मग मला राहवेना आणि मी पापण्या जराशा उघडल्या. तसं करायचं नसतं.

वस्तरा समोर टॉवेलवर होता. मिटलेला. लाल दोरा त्याच्याभोवती तसाच होता, गाठीसकट. त्याच्या बाजूला माझ्या दाढीचा फेस ओळीने पुसून ठेवलेला होता.

मी नजर खाली वळवली. तिचा हात माझ्या जबड्याशी होता, फेसाने ओला. बोथट धारेवर उजेडाची रेघ चमकते, म्हणून आम्ही वस्तरा उन्हात धरून बघतो. खरी धार उजेड परत देत नाही. ऊन मुंगीच्या अंगठ्यावर पडलं होतं. अंगठा नखापर्यंत मला दिसला. त्याच्या पुढे तो कुठे संपतो ते दिसलं नाही.

बाकावरचे सगळे उभे होते. जुन्या सलूनवाल्याने स्वतःचा गळा हाताने झाकून घेतला होता. त्यांच्यातलं कुणीही एक शब्द बोललं नाही, कारण बोलायचा मान फक्त माझा होता. कापडाखाली माझा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो वर करायचा, एवढंच करायचं होतं. मला भीती वाटत होती.

"ओढतंय का, बाबा?" मुंगीने हळूच विचारलं. ती रडत होती, पण तिचा हात जराही हलत नव्हता. असा हात कुणाचा नाही.

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. मग मी तिला गळा नीट मिळावा म्हणून मान मागे टाकली.